मुंबईच्या छोट्या घरातली दिवाळी: दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतच्या कामांची आखणी

दसऱ्याला आपट्याची पाने वाटून घरी परतले की दिवाळीच्या तयारीला लागायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. दसरा ते धनत्रयोदशी या दरम्यान साधारण १६ ते १८ दिवस मिळतात. मुंबईत रोजचे दोन-तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या कुटुंबाला मात्र त्यांतले खरोखर हाती लागतात ते दोन, फार तर तीन रविवार.

माझ्या लहानपणी गिरगावातल्या दोन खोल्यांच्या घरात फराळाचे सगळे काम आई एकटी करीत असे. एका नरकचतुर्दशीच्या पहाटे माझ्या डोक्याला तेल लावता लावता तिला बसल्या जागीच डोळा लागला. तिची बोटे माझ्या केसांत तशीच थांबली आणि तेलाच्या वासाखालून त्यांना भाजलेल्या बेसनाचा वास येत राहिला. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत ती करंज्या तळत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हापासून मी दिवाळीची आखणी त्या पहाटेपासून मागे मोजत करतो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पहिला दिवा लागण्यापूर्वी तळणीची कढई घासून पालथी पडलेली असावी, हा पहिला नियम. घरात ज्याला हातपाय हलवता येतात त्या प्रत्येकाच्या नावावर एक तरी काम असावे, हा दुसरा. पुढची सारी मांडणी या दोन नियमांवर उभी आहे.

आधी कॅलेंडर समोर घ्यावे

वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज हे दिवस तिथीप्रमाणे येत असल्यामुळे दर वर्षी ते सलग येतीलच असे नाही. २०२३ मध्ये नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला आले आणि दुसरा दिवस रिकामा गेला. २०२५ मध्ये धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती, नरकचतुर्दशी २० ला आणि लक्ष्मीपूजन २१ ला. म्हणजे मधला रविवार कोणत्याही पूजेविना मोकळा मिळाला. अशा रिकाम्या दिवसाचा उपयोग आधीच ठरवून ठेवला, तर नातेवाइकांकडे जाणे, विश्रांती किंवा राहिलेली खरेदी यांपैकी काहीतरी त्या दिवशी निवांतपणे उरकते. दोन सण एकाच दिवशी येत असतील, तर पहाटेचे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळची पूजा यांचे सामान आदल्या दिवशीच वेगवेगळ्या ताटांत काढून ठेवावे लागते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तारखांभोवती गोल करावेत. त्याच वेळी घरातल्या प्रत्येकाच्या सुट्ट्या, मुलांच्या सहामाही परीक्षेचा शेवटचा दिवस आणि पाळीची नोकरी असणाऱ्यांच्या रात्रपाळ्याही लिहाव्यात. मग एका कागदावर कामे आणि माणसे यांची जोडी लावून तो कागद फ्रिजवर चिकटवावा. तोंडी वाटलेली कामे शेवटी घरातल्या बाईच्याच अंगावर येतात, असा माझा ठाम अनुभव आहे. बेसन भाजणे हे पाऊण तास हात चालवण्याचे काम असल्यामुळे ते घरातल्या पुरुषाने घ्यावे. चिवड्याचे पोहे चाळणे, खोबऱ्याचे काप करणे आणि डबे पुसणे ही मुलांची कामे आहेत. आजी-आजोबांना उभे राहवत नसेल, तर शंकरपाळी कातण्याने कापणे किंवा वाती वळणे ही बसून करण्याची कामे त्यांना आवडतात, आणि त्या निमित्ताने सगळे एका खोलीत येतात.

सफाई: एका वेळी एकच भाग

छोट्या घरात एकाच दिवशी सगळे कपाट-माळे उपसले की रात्री झोपायला जागा उरत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी एक भाग घ्यावा: आज माळा, उद्या स्वयंपाकघराची फडताळे, परवा पंखे आणि ट्यूबलाइट. माळ्यावरून गेल्या वर्षीचा सोऱ्या, झारा, करंजीचे कातणे, मोठे डबे आणि कंदिलाची वायर आधी खाली काढावी, म्हणजे काय मोडले आहे आणि काय विकत आणायचे आहे हे खरेदीपूर्वी कळते. चांगल्या स्थितीतले कपडे देऊन टाकायचे असतील, तर ते धुऊन, घडी घालूनच द्यावेत.

खरेदी: दादरला कधी जावे

दिवाळीपूर्वीच्या शेवटच्या रविवारी दादरला रानडे रोडवर पाऊल ठेवायला जागा नसते, आणि त्यात मेगाब्लॉक असेल तर परतीचा प्रवास मुलांना आणि वृद्धांना झेपत नाही. शक्य असेल तर मधल्या वारी सकाळी, दुकाने उघडता उघडता जावे. किराणा दसऱ्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात भरावा. लाल मिरची आणि मसाले लालबागच्या मसाला गल्लीतून, कंदील माहीमच्या कंदील गल्लीतून आणि पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून घेणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. मीही पणत्या कुंभारवाड्यातूनच आणतो, कारण तिथे त्या घडवणाऱ्याच्याच हातून घेता येतात. साध्या मातीच्या पणत्या पहिल्यांदा लावण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि कोरड्या करून घ्याव्यात, म्हणजे माती तेल पिऊन टाकत नाही आणि दिवा जास्त वेळ तेवतो.

झेंडूची फुले मात्र आधी आणून ठेवू नयेत. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दादर स्टेशनजवळच्या फूलबाजारात लवकर जाणे हेच बरे. पाइपचा गॅस नसेल, तर सिलिंडर फराळ सुरू होण्यापूर्वी नोंदवावा.

फराळ: क्रम चुकला की सगळे चुकते

कोणता पदार्थ आधी करायचा हे तीन गोष्टींवर ठरते. तो किती दिवस टिकतो, त्याला किती दिवस मुरावे लागते आणि तो कढईतल्या तेलाचे काय करतो.

अनारसे करायचे असतील तर त्यांची सुरुवात सर्वांत आधी करावी लागते. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलावे, चौथ्या दिवशी उपसून कापडावर पसरावेत आणि हाताला दमट लागत असतानाच बारीक दळून चाळून घ्यावेत. त्यात किसलेला गूळ आणि थोडे तूप मळून गोळे करावेत आणि ते डब्यात चार-पाच दिवस मुरू द्यावेत. तळताना खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर एकाच बाजूने तळावे आणि वरून झाऱ्याने तूप उडवावे. अनारसा तुपात पसरून फुटू लागला तर त्याला 'अनारसा हसला' म्हणतात. असे झाले तर गोळ्यात थोडे कोरडे तांदळाचे पीठ मिसळून पुन्हा एकच अनारसा करून पाहावा, सगळे पीठ एकदम बिघडवू नये. ज्या घरी दोघेही नोकरी करतात त्यांनी हा पदार्थ दर वर्षी घरी केलाच पाहिजे असे मला वाटत नाही. मुंबईत अनारशाचे तयार पीठ घरगुती करणाऱ्या बायकांकडे चांगले मिळते आणि ते घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

तळणीसाठी दिवाळीपूर्वीचा शेवटचा रविवार राखून ठेवावा आणि कढईत गोडाचे पदार्थ आधी, तिखटाचे नंतर असा क्रम ठेवावा, कारण चकलीच्या तिखटाचा आणि ओव्याचा वास एकदा तेलाला लागला की शंकरपाळीला तो जातो. शंकरपाळीचे प्रमाण कधीच चुकत नाही: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप हे एकत्र कोमट करून साखर विरघळवावी, चिमूटभर मीठ घालावे आणि गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा घालून घट्ट मळावे. अर्धा तास झाकून ठेवून, जाडसर लाटून, मंद आचेवर तळावे.

चकलीची भाजणी आदल्या आठवड्यातच तयार हवी. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ आणि त्यासोबत थोडे पोहे, धने व जिरे असे प्रमाण आमच्याकडे आहे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवाव्यात, प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजावा आणि सगळे गार झाल्यावरच गिरणीत द्यावे. गिरणीवाल्याला भाजणी गव्हावर दळू नका, हरभऱ्याच्या डाळीवर दळा, असे आवर्जून सांगावे. तीन वाट्या भाजणीला अडीच ते तीन वाट्या पाणी उकळून त्यात तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ आणि चार चमचे तेलाचे मोहन घालावे, भाजणी ढवळून गॅस बंद करावा आणि उकड अर्धा तास झाकून ठेवावी. मग थोडे थोडे पीठ पाण्याच्या हाताने खूप मळून सोऱ्यात भरावे.

पहिली चकली नेहमी एकटीच तळावी. ती तेलात विरघळू लागली तर मोहन जास्त झाले आहे, म्हणून उरलेल्या उकडीत थोडी कोरडी भाजणी मळावी. सोऱ्यातून पडतानाच तुटत असेल तर उकड कोरडी आहे, तिला पाण्याचा हात हवा. वरून लाल आणि थोड्या वेळाने मऊ होत असेल तर आच मोठी आहे. चकली तेलात सोडल्यावर भोवती उठणारे बुडबुडे जवळजवळ थांबले की ती आतपर्यंत तळली गेली असे समजावे. रंगापेक्षा या खुणेवर विश्वास ठेवावा.

बेसनाचे लाडू मधल्या एखाद्या संध्याकाळी होतात. अर्धा किलो रवाळ बेसनाला पाव किलो तूप आणि साधारण साडेतीनशे ग्रॅम पिठीसाखर लागते आणि त्यात मध्यम आकाराचे तीसेक लाडू वळले जातात. बेसन मंद आचेवर पाऊण तास भाजावे लागते. आधी ते जड आणि कोरडे वाटते, मग हळूहळू हलके होते, तूप सुटते आणि वास शेजारच्या घरी पोचतो. त्या क्षणी दुधाचा एक हबका मारला की बेसन फसफसून फुलते. गॅस बंद करून ते पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच साखर मिसळावी. गरम बेसनात साखर घातली की ती विरघळते आणि लाडू बसतात.

चिवडा धनत्रयोदशीच्या अगदी दोन-तीन दिवस आधी करावा, कारण मुंबईच्या दमट हवेत सर्वांत आधी तोच मऊ पडतो. अर्धा किलो पातळ पोहे चाळून, ऊन असेल तर कापडावर तासभर ऊन द्यावे. गॅलरीत ऊन येत नसेल, तर जाड बुडाच्या कढईत थोडे थोडे, अगदी मंद आचेवर भाजावेत. आच वाढली की पोहे आकसतात. फोडणीत शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, मिरची आणि कढीपत्ता एकेक करून तळावे. मिरची आणि कढीपत्ता बोटाने चुरला जाईल इतका कुरकुरीत झाला पाहिजे, कारण त्यांत उरलेला ओलावाच दुसऱ्या दिवशी सगळा चिवडा मऊ करतो. चिवडा डब्यात भरण्यापूर्वी परातीत पसरून पूर्ण गार करावा. एका वर्षी झोप आली म्हणून मी तो कोमट असतानाच डब्यात भरला. सकाळी झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते आणि तो सगळा चिवडा पुन्हा भाजावा लागला.

करंजी शेवटी. तिला किमान तीन माणसे लागतात: एक लाटायला, एक सारण भरून मुडपायला आणि एक तळायला. भरलेल्या करंज्या ओलसर कापडाखाली झाकून ठेवाव्यात, नाहीतर पारी सुकून तेलात उलते. तीन माणसे जमत नसतील तर करंज्या मोजून अकरा कराव्यात, नैवेद्याला पुरतात.

कंदील आणि किल्ला

मुलांचा किल्ला हे दिवाळीतले एकमेव बांधकाम असे आहे की ज्यात मोठ्यांनी फक्त माती आणून द्यावी. सोसायटीच्या एका कोपऱ्याची परवानगी आधी घ्यावी, दगड-विटांवर गोणपाट टाकून त्यावर ओल्या लाल मातीचा लेप द्यावा आणि उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरावी. हिरवळ दिसायला चार-पाच दिवस लागत असल्यामुळे पेरणी वसुबारसेच्या तीन दिवस आधी झाली पाहिजे. सिंहासनावर शिवाजी महाराज आणि बुरुजांवर मावळे मात्र धनत्रयोदशीलाच बसवावेत.

कंदील वसुबारसेच्या संध्याकाळी लावावा. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांचा घरी केलेला कंदील परतीच्या पावसात भिजतो, म्हणून तो छपराखाली बांधावा आणि आत कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा, म्हणजे कागद तापत नाही. वायरचा जोड उघडा राहू देऊ नये आणि जिन्यात किंवा सामाईक वाटेत वायर लोंबत ठेवू नये.

पोस्त वेळेवर द्यावी

घरकाम करणाऱ्या बाई, वॉचमन, कचरा नेणारे, पेपर टाकणारा मुलगा यांना आपण दिवाळीची पोस्त देतो, पण बहुतेक घरांत ती पाडव्याला किंवा त्यांनी मागितल्यावर दिली जाते. ही रक्कम वसुबारसेपूर्वी त्यांच्या हातात पडली पाहिजे, कारण त्यांनाही मुलांचे कपडे आणि किराणा दिवाळीपूर्वीच घ्यायचा असतो. फराळाचा पुडा त्यासोबत द्यावा, त्याऐवजी नव्हे. घरकामाच्या बाईंना नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजनाची सुट्टी आधीच सांगून ठेवावी.

धनत्रयोदशी आणि नरकचतुर्दशीची पहाट

धनत्रयोदशीला धने आणि गूळ यांचा नैवेद्य दाखवतात आणि संध्याकाळी घराबाहेर दक्षिणेकडे ज्योत करून यमदीप लावतात. फ्लॅटच्या दारात दक्षिण सापडत नसेल तर खिडकीच्या सुरक्षित कट्ट्यावर दिवा ठेवावा आणि पडद्यापासून तो लांब असल्याची खात्री करावी.

नरकचतुर्दशीला मुंबईत सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. घरात पाच माणसे आणि एकच न्हाणीघर असेल, तर प्रत्येकी वीस मिनिटे धरून पहिली आंघोळ पावणेपाचला सुरू व्हावी लागते. एक जण आंघोळ करीत असताना पुढच्याला तेल लागले पाहिजे. ज्या इमारतीत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते तिथे आदल्या रात्री पिंप भरून ठेवावे. उटणे, वाटीत काढलेले तेल, पाट, निरांजन, कारीट आणि प्रत्येकाचे नवे कपडे झोपण्यापूर्वी एका जागी मांडून ठेवावेत. तेल कोमट करून लावावे आणि उटणे दुधात किंवा पाण्यात कालवून ते तेलावरच चोळावे. स्नानानंतर तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि मग औक्षण. कोकणातल्या घरांत या सकाळी फराळासोबत गूळपोहे, दूधपोहे, ताकातले पोहे असे पोह्यांचे दोन-तीन प्रकार असतात. पोहे भिजवायला फार वेळ लागत नाही, तेव्हा ते काम सर्वांत आधी न्हाऊन निघालेल्या मुलाला देता येते.

आणि घरात फराळ जिने केला तिला या पहाटे सर्वांत आधी पाटावर बसवून बाकीच्यांनी तेल लावावे. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे हा क्रम आहे.

लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज

लक्ष्मीपूजन सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळात करतात. चौरंगावर वस्त्र, तांदळाची रास, कलश, घरातली नाणी-दागिने, हिशेबाची वही आणि नवी केरसुणी मांडावी. केरसुणीलाही हळदकुंकू वाहावे. लाह्या आणि बत्तासे दुपारीच आणून ठेवावेत. फटाके वाजवायचेच असतील तर रात्री ८ ते १० या वेळेतच वाजवावेत. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईसाठी हीच मर्यादा घातली होती, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे शेजारचे तान्हे मूल आणि दम्याचे रुग्ण. पाडव्याची सकाळ ओवाळणीची असते, दुपार मात्र दिवाळी अंक घेऊन लोळण्यासाठी मोकळी ठेवावी.

भाऊबीजेला अर्धे शहर बहिणीकडे निघालेले असते. एक बहीण बोरिवलीला आणि दुसरी पनवेलला असेल तर एका दिवसात दोन्हीकडे धावण्यापेक्षा सगळ्या भावंडांनी एका घरी जमावे आणि दर वर्षी घर बदलावे. ज्या घरी जमायचे तिथे प्रत्येकाने एक शिजवलेला पदार्थ न्यावा, कारण फराळ सगळ्यांकडे असतोच आणि या दिवशी सगळ्यांना वरणभाताची भूक असते.

ज्या घरी यंदा दिवाळी नाही

वर्षभरात ज्यांच्या घरी कोणी गेले आहे, त्या घरी फराळ करीत नाहीत, आणि तो शेजाऱ्यांनी व आप्तांनी न्यायचा असतो. हा डबा भरायचा तर सर्वांत आधी, धनत्रयोदशीपूर्वी भरावा, सणाच्या गर्दीत उरलेसुरले गोळा करून नव्हे. स्वतः जाऊन द्यावा, मुलांच्या हाती पाठवू नये. दारातून परतू नये, दहा मिनिटे बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे. आणि डबा असा निवडावा की जो परत मिळाला नाही तरी चालेल, कारण आपल्याकडे डबा रिकामा परत करीत नाहीत आणि त्या घराला तो भरण्याची चिंता पडू नये.

दिवाळी संपल्यावर

कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत राहू द्यावा. नंतर पणत्या कोमट पाण्यात साबणाने धुऊन, वाळवून कागदात गुंडाळाव्यात, आणि सोऱ्याच्या चकत्या मोजून आतच ठेवाव्यात. एका वहीत त्या वर्षी किती बेसन, किती पोहे आणले, काय आठवड्यात संपले, काय उरून खवट झाले आणि कोणते काम कोणी केले, हे लिहून वही त्याच डब्यात ठेवावी. पुढच्या दसऱ्याला माळ्यावरून डबा उतरवला की ती वही आधी हाती येते.